पावणेचार

वडगावच्या शेडमध्ये
जिथं चौथा माग होता तिथं काचेची टाकी ठेवली.
फरशीवर तेलाचा डाग अजून आहे,
स्टँडचा एक पाय नेमका त्यावर बसतो.

राकसकोपचं पाणी, त्यात मोजून मीठ,
लिटरला पस्तीस ग्रॅम, आमटीसारखं अंदाजानं नाही.
सुगंधा म्हणाली, "समुद्र करालाय काय हो घरात?"
म्हटलं, "चोर्ला घाट उतरायला नको."

मासा आला बालीकडचा.
बंगळूरहून रात्रीच्या बसच्या डिकीत,
थर्माकोलच्या खोक्यात, फुगवलेल्या पिशवीत,
बोटाएवढा.
हिरवा म्हणावं तर वळताना गुलाबी,
डोळ्यापासून किरमिजी रेघा गालभर फाकलेल्या.
असं धूपछाव लुगडं मी एकदाच विणलं होतं,
ताणा हिरवा, बाणा गुलबक्षी.
दुसऱ्या धुण्याला फिकं पडलं, गिऱ्हाईक परत घेऊन आलं.
हा तर जन्मापासून पाण्यात.

पहिल्या दिवशी, दुपारी पावणेचारला,
माझ्या हातात चहा,
त्यानं वाळूवर दोन फेऱ्या मारल्या,
तोंड खाली केलं
आणि सुई कापडात जावी तसा
वाळूत गेला.
शेपूट हललं. तेही गेलं.

शेजारचा ईरण्णा खास बघायला आलेला.
"एल्लैत्रि मीन?"
रिकाम्या वाळूकडं बोट केलं. "मलगैती."
भर उन्हात झोपलेला मासा बघून
तो अर्धा कप चहा पिऊन गेला.

मी मात्र रात्री हिशोब मांडला.
आपले पावणेचार म्हणजे तिथले सव्वासहा.
त्याच्या खडकावर तेव्हा दिवस बुडतो,
कपारीतून मोठी तोंडं बाहेर पडतात,
रंगीत अंगाला तेवढाच उपाय, वाळू.
इथं खाणारं कुणी नाही
हे त्याला कुठल्या भाषेत सांगायचं?

पहाटे पावणेचारला मला जाग आली.
माग विकून दोन वर्षं झाली,
चारची पाळी अंगातून गेली नाही.
खटखट नसते, तरी कान आधी उठतात.
टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलो
तर वाळू एका जागी फुगली, फुटली,
आणि तो वर आला, अंग झटकत.
एक डोळा माझ्याकडं,
दुसरा वेगळाच फिरून दगडाकडं.
त्याचं तिकडं उजाडलं होतं.

दगडावरून काहीतरी वेचू लागला,
मला न दिसणारं.
मीही तुटका धागा असाच शोधायचो,
डोळ्यांनी नव्हे, बोटांनी.
सुगंधा कूस बदलून विचारते,
"कुणाशी बोलालाय?"
बोलत नव्हतो. बहुतेक.

पुढं तंबाखूच्या वखारीनं दिलेल्या कॅलेंडरवर
रोज त्याच्या झोपेची वेळ लिहीत गेलो.
तीन पंचावन्न.
चार पाच.
मध्ये दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा काही कळलं नाही.
पाच दहा.
दिवसाला दहाएक मिनिटं
तो तिकडचा सूर्य सोडत होता,
पहाटेही तेवढाच उशिरा येत होता.
मी वाट बघत बसायचो, स्टुलावर, स्वेटर घालून.

सतराव्या दिवशी, साडेसहाला,
सुगंधानं देवापुढं निरांजन लावलं
आणि इकडं त्यानं वाळूत बुडी मारली.
ईरण्णा हसला. "इन्न नम्मवा."
आपला झाला.
आपला म्हणजे नेमका कुणाचा,
ते त्यानंही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

आज पहाटे पावणेचारला जाग आली.
टॉर्च लावली. वाळू सपाट.
कोपऱ्यात एक दाणा हलल्यासारखा वाटला,
पंपाच्या धारेनं असेल.
उगाच झोपमोड नको म्हणून टॉर्च विझवली
आणि अंधारात तसाच उभा राहिलो,
अनवाणी,
चौथ्या मागाच्या तेलावर.